चाक माझ्या बाजूला

उजाडायला आलंय. ओले केस पंच्यात गुंडाळून मी देवघरात बसले आहे. समई लावली आहे, माळ हातात आहे. रात्री नीट डोळा लागला नाही, त्यामुळे मणी सरकायच्या ऐवजी बोटावरच थांबतात, मला ढोसतात आणि मग पुढं जातात. एक नाम मी घेते, पुढचं कुणीतरी दुसरंच घेतं.

आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर घेतला की माझं बोलणं बंद होतं, ते देवीला नैवेद्य दाखवल्यावरच सुरू होतं. हा नेम मकरंद तान्हा असतानाचा. त्याचा ताप उतरत नव्हता तेव्हा मी अंबाबाईला बोलले होते. ताप उतरला. तो आता डोक्यावर टक्कल घेऊन फिरतो, तरी मी शब्द पाळते आहे. एरवी मला या मौनाचं काही वाटत नाही. आज मात्र जड जातंय, कारण सकाळी कोल्हापूरहून पन्हाळकरांचा फोन यायचा आहे.

पन्हाळकर जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करून विकतात. त्यांच्याकडं एक प्लायमाउथ आहे, छप्पन सालातली, अमेरिकेहून बोटीनं आलेली. कुठल्याशा गोदामात तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. पन्हाळकरांनी पत्रा न पत्रा सोलला, ठोकला, रंगवला. रंग पिस्त्याचा, टप सायीसारखा पांढरा, मागं माशाच्या शेपटीसारखे दोन पंख. मी आत बसले आणि म्हटलं, घेते.

"काकू, घरात विचारा आधी," पन्हाळकर म्हणाले.

"कुणाला?" मी विचारलं.

घरात न विचारताच सगळ्यांनी सांगितलं. पैसे माझे, माहेरच्या जमिनीतल्या वाट्याचे. त्यावर मकरंद बोलला नाही, बाकी सगळ्यावर बोलला. या वयात? पेट्रोल किती पिईल? लोक काय म्हणतील, जपमाळ ओढणारी बाई आणि अमेरिकन गाडी! सूनबाई हळूच म्हणाली, "आई, देवीला कौल तरी लावून बघा." मी लावला नाही. आपल्याला जे पक्कं ठाऊक आहे ते विचारून देवीला कशाला अवघडात घालायचं?

मी घेतली नाही तर ती महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याकडं जाणार आहे. तो इंजिन काढून तिथं फुलझाडं लावणार, लोकांना फोटो काढायला. त्याला आज सकाळी उत्तर हवंय. मी पन्हाळकरांना म्हटलं, सकाळी मी बोलत नाही. ते हसले. "मग हो असेल तर घंटा वाजवा की काकू. आम्ही समजून घेतो."

मणी पुन्हा थांबतो. समईच्या ज्योतीला पेट्रोलचा वास येतोय. तेल बदललं का कुणी?

"बदललं नाही. तुझ्याच डोक्यात शिरलंय ते," हे म्हणतात.

हे, म्हणजे मकरंदचे बाबा. जाऊन वर्षं झाली. समोरच्या पाटावर बसलेत, पाटबंधारे खात्यात जायच्या कपड्यांत, मांडीवर डब्याची पिशवी. पायांत बूट.

"अहो, बूट! देवघर आहे."

"असू दे गं. मेलेल्याला कसलं सोवळं."

मग दोघंही दचकतो. मी बोललेय.

"तुझं मौन मोडलं की!" यांच्या तोंडावर खरीच काळजी आहे.

मी केसांना हात लावते. कोरडे आहेत. "नाही मोडलं. इथं मी अजून आंघोळ केलेली नाही."

"असं होय." ते पिशवी सावरतात. "गाडीचं ऐकलं ते खरं का?"

"खरं."

"हिरवी?"

"पिस्ता."

"तेच ते."

"तेच ते नाही."

"मला विचारायचं तरी होतंस."

"तुम्ही मला विचारायचात तसं?"

ते बुटाच्या नाडीकडं बघतात. बरोबर तिथंच बघतात. नाडी बांधता बांधताच विचारायचे ते, रोज सकाळी, उंबऱ्यावर. स्कूटर करडी घेतोय, चालेल ना? मी ओल्या केसांनी, तांदूळ धुताना, तोंड मिटून. दोन क्षण थांबायचे आणि म्हणायचे, "म्हणजे चालेल." आणि जायचे. अँबॅसिडर करडी आली. कपाट करडं आलं. घराला बाहेरून करडा रंग लागला. माझा नैवेद्य होईपर्यंत यांची जीप कोयनेचा पूल ओलांडून गेलेली असायची. संध्याकाळी मी म्हणायचे, मला हिरवा आवडला असता. तर हे मनापासून हसायचे. "मग सकाळी बोलायचं नाहीस का!" त्यांच्या मनात कपट नव्हतं. त्यामुळे राग ठेवायला मला जागाच सापडायची नाही.

मी उठते. देवघराचा उंबरा ओलांडते तर पाय ओसरीवर पडत नाही, गाडीतल्या रबरी पायपुसण्यावर पडतो. दार लागतं, जड आणि मऊ, पिठाच्या डब्याचं झाकण लागावं तसं. हे पलीकडून येतात, सवयीनं उजवं दार उघडतात, बसतात, घसा साफ करतात आणि दोन्ही हात पुढं करतात.

हात हवेतच राहतात. समोर नुसता गुळगुळीत पिस्ता पत्रा आहे आणि एक बंद कप्पा.

"अगं, चाक कुठंय?"

"माझ्यासमोर."

ते वळून बघतात. मोठं, बारीक काठाचं, पांढरं चाक, आत हॉर्नचं चकचकीत कडं. त्यावर माझे दोन्ही हात.

"जागा बदल."

"मी माझ्याच जागेवर बसलेय. लग्न झाल्यापासून इथंच बसते, डावीकडं. मी तसूभर हललेले नाही. चाक इथं आलंय."

"उलटी गाडी आहे ही!"

"असेल."

"तुला कुठं येते चालवायला?"

"शिकले. तुम्ही गेल्यावर. ड्रायव्हिंग स्कूलच्या रेश्माकडं. नैवेद्य झाला की जायचे."

"मला बोलली नाहीस."

"तुम्ही फोटोत होतात. फोटोला सांगितलं होतं, पेढाही ठेवला होता लायसन आल्यावर."

"तो पेढा त्याचा होता होय! मला वाटलं मकरंदच्या बढतीचा." ते पुन्हा माझ्या पायांकडं वाकून बघतात. "आणि क्लच? क्लच कुठंय?"

"हिला क्लच नाही. बटणं आहेत." डाव्या हाताला चार बटणं आहेत, मिक्सरला असतात तशी. मी एक दाबते. गाडी हुंकार देते आणि निघते.

रस्ता आमच्या स्वयंपाकघरातून जातो. दोन्ही बाजूंना फडताळं आहेत, बरण्यांवरून पिस्ता उजेड सरकतो. मीठ, हळद, साबुदाणा मागं पडतात. फडताळं संपतात तिथं दवाखान्याचा वॉर्ड सुरू होतो. खिडकीलगत एक लोखंडी खाट, तिच्यावर मच्छरदाणी, आत तापानं लाल झालेलं बाळ. खाटेला टेकून एक तरणी बाई बसली आहे, ओठ हलताहेत. मी तिला ओळखते. ती मला ओळखत नाही. तिला फक्त एवढं दिसतं की एक मोठी हिरवी गाडी चालली आहे आणि आत एक म्हातारी ताठ बसली आहे. ती बघतच राहते.

"हळू घे," हे म्हणतात. दोघंही त्या खाटेकडं बघत असतो. "तेव्हा तू काय बोललीस देवीला, मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही सकाळी विचारायचात."

हे काच खाली करतात, कोपर बाहेर टाकतात. कधी नव्हे ते त्यांचे हात मोकळे आहेत. "इकडनं बाहेर बघता येतं गं," ते म्हणतात. "किती बगळे आहेत."

"नेहमीच असायचे."

वॉर्ड संपला आहे. कोल्हापूरचा रस्ता आहे, दोन्हीकडं ऊस. पुढं एक ट्रॅक्टर रांगतोय आणि त्याच्यामागं ट्रॉली, उसानं भरतात तशी गच्च. पण वर ऊस नाही. करडी स्कूटर आहे. करडी अँबॅसिडर आहे, चारी चाकं वर करून. करडं कपाट, करडे पडदे, करड्या रंगाचा डबा, त्यातून ओघळ रस्त्यावर. सगळं दोरानं आवळून बांधलेलं. ट्रॉली डुलते आणि धूळ आमच्या काचेवर येते.

मला पुढं जायचंय. पण चाक डावीकडं असलं की पुढच्या गाडीआडचं दिसत नाही. उजवीकडं बसलेल्या माणसानं बघून सांगावं लागतं.

"अहो, बघा बरं. मोकळं आहे का?"

ते मान बाहेर काढतात. एकदम कामाचे होतात. "थांब, थांब. एसटी आहे." एसटी घोंघावत जाते, आत सगळे आमचे नातेवाईक, काचांना नाकं लावलेले. "बघ, हसतायत. मी म्हटलं होतं."

"हसू देत. त्यांना तिकीट काढून बसावं लागलंय. आता बघा."

"थांब. आणि कशाला गं पुढं जायचं? राहू या मागं. चाललंय की बरं."

"तुमचं चाललंय."

"तो हॉटेलवाला फुलं लावणार आहे म्हणे. फुलं काय वाईट? देवाला होतील."

चाकावरची माझी बोटं पांढरी होतात. आवाज मात्र चढत नाही. तो मला चढवताच येत नाही, आणि आज त्याची गरजही नाही. "अहो, ही चालते. चालणाऱ्या वस्तूच्या पोटात माती भरायची आणि वर शोभेची फुलं लावायची, हे माझ्या देवीला चालत नाही. मला तर मुळीच चालत नाही. मी ट्रॉलीच्या मागं जन्मभर राहिले. ती कुणी भरली ते मी आज विचारत नाही. मला फक्त सांगा, समोर मोकळं आहे का?"

मी वळून बघते. त्यांनी ओठ मिटलेत. एक बोट ओठांवर ठेवलंय, मी ठेवायचे तसं. केसांतून पाणी निथळतंय. ते माझ्याकडं बघतायत, आणि त्यांना खरंच बोलता येत नाहीये. त्यांचं मौन माझ्यापेक्षा मोठं आहे, ते कुठल्या नैवेद्यानं सुटणार नाही.

मी चाक घट्ट धरते.

"मी पुढं घेतेय. चालेल ना?"

ते गप्प.

मी दोन क्षण थांबते. मग म्हणते, "म्हणजे चालेल."

मिटलेल्या ओठांतच ते हसतात. खांदे हलतात, डोळ्यांत पाणी येतं, उंबऱ्यावर हसायचे तसेच. मी पाय दाबते, उजवा तळहात हॉर्नच्या कड्यावर ठेवते आणि सगळं वजन त्याच्यावर टाकते. आवाज निघतो तो गाडीचा वाटत नाही. करडे पडदे फडफडतात. ट्रॉली बाजूला सरकते, मागं सरकते, दिसेनाशी होते. समोरचा रस्ता मोकळा आहे, आधीपासूनच मोकळा होता, आणि मी हॉर्न सोडत नाही, सोडत नाही,

"आई."

समई. देवांचे टाक. माळ मांडीवर पडली आहे. केसांतून मानेवर गार थेंब उतरतोय. देवघराच्या दारात मकरंद उभा आहे, कानाला फोन, पायांत बूट, एक नाडी सुटलेली.

"आई, पन्हाळकर फोनवर आहेत." तो फोनवर हात ठेवतो आणि आवाज खाली आणतो. "मी त्यांना नाही सांगतो. बाबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं. चालेल ना?"

मी त्याच्याकडं बघते. हुबेहूब तीच मान, तोच उंबरा. तोही दोन क्षण थांबतो.

"म्हणजे चालेल," म्हणतो आणि फोनवरचा हात काढतो.

मी देव्हाऱ्यातली घंटा उचलते. आरतीला वाजवते तशी नाही. हात डोक्याच्या वर नेऊन वाजवते. कपाटातल्या वाट्या किणकिणतात, तुळशीवरच्या साळुंक्या उडतात, सूनबाई लाटणं घेऊन धावत येते. मकरंद काहीतरी बोलतोय, त्याचे ओठ दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. मी वाजवत राहते. त्याचा फोन हळूहळू खाली येतो.

मी थांबते. घंटेचा नाद बराच वेळ भिंतीत राहतो. मग त्याच्या हातातल्या फोनमधून बारीक, पण स्पष्ट आवाज येतो.

"बरं बरं काकू! समजलं! गाडी पुसून ठेवतो!"

मकरंद माझ्याकडं बघतो. काही विचारत नाही. खाली बसून बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागतो, आणि नाडी बांधताना एकदा वर बघून चक्क हसतो.

मी घंटा जागेवर ठेवते. उजवा तळहात हुळहुळतोय म्हणून समईच्या उजेडात धरते. अंगठ्याच्या उंचवट्यापासून करंगळीच्या मुळापर्यंत एक लाल वळ उठला आहे. घंटेची मूठ सरळ आहे. वळ गोलाकार आहे, मोठ्या गोलाचा तुकडा असावा तसा, आणि बोटानं दाबला तर अजून दुखतो.

नैवेद्य व्हायचा आहे. मी कुणाला काही सांगत नाही.