सिंहमुखी मूठ

मी सुरी मूठ बघून घेतली. मुलगी बघायला जावं आणि सासऱ्याच्या घराचे खांब बघून होकार देऊन यावं, तसं झालं ते.

त्या वेळी मी कुंभकोणात अक्काच्या घरी राहत होतो आणि काहीही करत नव्हतो. हा माझा उद्योग बरीच वर्षं चालला होता. आमचे आजोबा तंजावरच्या राजवाड्यात शिलेखान्यावर होते, म्हणजे हत्यारं पुसणं, मोजणं आणि त्यांना तेल लावणं हे त्यांच्याकडे होतं. पुढं इंग्रजांनी राज्य खालसा केलं, हत्यारं कुठं मोडीत गेली देव जाणे, आणि आमच्या घरात शिलेखान्याचा फक्त तोरा उरला. तो सगळा माझ्या वाट्याला आला. अक्काच्या वाट्याला आलं वैधव्य, समोरून दोन खोल्यांचं वाटणारं पण आत एकच खोली असलेलं घर, आणि एक गाय.

ती गाय म्हणजे अक्काचं सगळं होतं. तिच्या दह्यावर आमची चूल पेटे. तंजावरचे तिचे धाकटे दीर येताजाता म्हणत, "वहिनी, एकट्या कशाला राहता? आमच्याकडं या, स्वयंपाकाला माणूस हवंच आहे." अक्का पदर सावरून म्हणे, "गाय कुठं ठेवू, भावजी?" आणि विषय संपे. त्या घरात तिला कशासाठी बोलावत होते ते तिला ठाऊक होतं. गाय दारात होती तोवर तिला उंबरा होता. त्या वर्षी गाय गाभण होती आणि आटली होती. घरात दूध नव्हतं, पण आशा होती.

आषाढ आला, कावेरीला पाणी आलं, रानोरान भाताची लावणी सुरू झाली. मग गुरांना बांधावरसुद्धा पाय ठेवायला जागा राहत नाही. आमच्या गल्लीतली गुरं तेव्हा उत्तरेला कोळ्ळिडम नदीतल्या बेटावर नेत. कोळ्ळिडम म्हणजे कावेरीचाच एक फाटा, पण स्वभावानं वेगळा. कावेरी भरून वाहत असते तेव्हाही कोळ्ळिडममध्ये नुसती वाळू असते, आणि मधल्या बेटांवर कमरेइतकं गवत. एक म्हातारा गुराखी सगळ्यांची गुरं घेऊन तिथं राही. पण गाभण गाईबरोबर घरचं माणूस पाहिजे, असं अक्काचं म्हणणं पडलं. घरचं रिकामं माणूस एकच होतं.

"उघड्यावर राहायचंय," अक्का म्हणाली. "झोपडीला बांबू तोडावे लागतील, कोल्ह्यांसाठी काटे तोडावे लागतील, दावं अडकलं तर कापावं लागेल. विळी नेऊन चालायची नाही. एक दणकट सुरी आण. मिटणारी नको. आणि शनिवारी लोखंड घेऊ नकोस."

शनिवार तेवढा मी टाळला.

देवळाच्या गोपुराखाली जुन्या लोखंडाचं एक दुकान होतं. तिथं फळकुटावर सुऱ्या मांडल्या होत्या. काळ्या, जाड पाठीच्या, लाकडी मुठीच्या, आणि मुठीच्या बुडातून लोखंडाचं टोक बाहेर येऊन ठोकून चपटं केलेलं. बघवत नव्हत्या. त्यांच्या शेजारी एक सुरी होती. पितळी मूठ, मुठीला सिंहाचं तोंड, डोळ्यांत तांबडी काच, आणि पातं असं की त्यात मी माझ्या मिशा बघितल्या.

दुकानदारानं माझी पगडी बघितली. आम्हा मराठ्यांना तिथं सगळे रायर म्हणतात. "रायर," तो म्हणाला, "ही तुमच्याच लोकांची. तंजावरच्या वाड्यातली."

आता कुंभकोणात समया नि घंटा ओतणाऱ्यांच्या गल्ल्याच्या गल्ल्या आहेत. तो सिंह गेल्या महिन्यात मागच्या बोळात जन्माला आला असणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मला नाही कळलं. मी आजोबा करत तसं पातं बोटावर तोललं, नखानं टिचकी मारली आणि कानाशी धरलं.

"काय ऐकू येतं, रायर?"

"घराणं," मी म्हणालो.

"मग ही दुसऱ्याला कशी देऊ?" तो म्हणाला आणि सुरी माझ्या हातात न देता फळकुटावर ठेवली. आमची रीत त्याला ठाऊक होती. आमच्यात हत्यार हातातून हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. एकानं खाली ठेवावं, दुसऱ्यानं उचलावं. त्यानं तसं ठेवलं आणि मी पाघळलो.

घरी येऊन मीही ती रीतीप्रमाणे पायरीवर ठेवली. अक्कानं उचलली, उलटीपालटी केली.

"ही मूठ ओल्या हातात राहील का रे?"

"अक्का, सिंहमुखी आहे ती."

"सिंहाला दावं कापता येतं का?"

"तुला शिलेखान्यातलं काय कळतंय!"

"खरंच," ती म्हणाली. "मला गाईतलं तेवढं कळतं."

आमच्या घराण्यात आणखी एक रीत होती. नवं हत्यार कामाला लावण्याआधी त्याला कोहळ्याचा बळी द्यायचा. मी गल्लीला ऐकू जाईल अशा बेतानं कोहळा दारात मांडला, सुरीला हळदकुंकू लावलं आणि एका घावात दोन भकलं केली. शेजारी वाहवा म्हणाले. एक म्हातारे तर डोळे पुसत म्हणाले, "राज्य गेलं, हात गेला नाही!" कोहळा म्हणजे काय, तो कापायला धारच लागते असं नाही, पण हे त्या गर्दीत सांगणार कोण? घाव घालताना मात्र मुठीत काहीतरी टक्‌ वाजलं. बघितलं तर पितळ आणि पातं यांच्यात केसाएवढी फट पडली होती. तिच्यात कुंकू जाऊन बसलं आणि एक तांबडी रेघ उमटली. मला ती शुभ वाटली.

बेटावर गुराखी म्हाताऱ्यानं माझ्या कमरेची सुरी बघितली आणि विचारलं, "रायर, ही कोल्ह्यांना दाखवायची का?"

"वेळ आली की बघाल."

"बघेन की. तोवर माझा अरिवाळ घ्या." अरिवाळ म्हणजे त्याचा वाकडा कोयता. त्यानंच बांबू तोडले, ताडाची पानं छाटली, काटे रचले. मला हवा असला की तो अरिवाळ वाळूवर ठेवी आणि मी उचली. सुरुवातीला तो सरळ हातात द्यायला आला तेव्हा मी हात मागे घेऊन त्याला आमची रीत समजावून सांगितली होती. "बरं," तो म्हणाला होता, "आमच्यात भांडण व्हायला एवढं लागत नाही." माझी सुरी मी राखून ठेवली. तिच्यानं एक काकडी कापली, तीही कोवळी.

गाय नव्या कळपात रुळेना. इतर गुरं तिला ढुशा देत, म्हणून मी तिला वेगळी बांधत असे. सगळ्यात हिरवं गवत बेटाच्या खालच्या अंगाला होतं. तिथं मी दगडानं खुंट ठोकला, आणि ठोकला तो असा की तो उपटायला मीच पुन्हा जन्म घ्यावा. दावं काथ्याचं, लांब. गाठ मानेशी, शिंगांत अडकवून. मी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवी. पोटात वासरू हले ते हाताला लागे. अक्काला सांगायला मी ते मनात साठवून ठेवत होतो.

"पाणी कधी येतं इथं?" मी म्हाताऱ्याला विचारलं होतं.

"वरच्या अंगाला पाऊस लागला की. अजून अवकाश आहे. माझा गुडघा दुखायला लागला की समजायचं."

त्याचा गुडघा दुखला नाही. भर दुपार होती, आभाळात ढग नव्हता, मी झोपडीत आडवा होतो. आधी गुरांनी माना वर केल्या. मग लांबून मळणीवर बैल फिरावेत तसा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तो वाळूवरून फेसाची एक मळकट रेघ पुढं सरकत होती, अगदी सावकाश. सावकाश येतंय असं वाटलं, तेवढ्यात ते माझ्या पायात होतं.

म्हातारा ओरडत गुरं हाकत नदीच्या उंच काठाला निघाला. मोकळी गुरं पोहून जातात, गाय तर चांगली पोहते. बांधलेली गाय पोहत नाही. मी तिच्याकडे धावलो तेव्हा पाणी मांडीला लागलं होतं आणि तिनं मागं रेटून दावं ताठ केलं होतं. काथ्या भिजला की गाठ दगड होते, नखं तुटली तरी सुटेना. खुंट पाण्याखाली. तो मी काय ताकदीनं ठोकला होता ते सांगितलंच आहे.

मग मी सुरी काढली. वेळ आली होती. दाव्यावर पातं ठेवून रेटलं. एक पीळ तुटला, दुसराही तुटत आला. पितळ ओल्या हातात फिरायला लागलं म्हणून मी दोन्ही हातांनी घट्ट धरून जोर केला, आणि मुठीत पुन्हा तेच वाजलं, टक्‌. पातं दाव्यात रुतून राहिलं. मूठ माझ्या हातात आली. आत पात्याची बोटाच्या पेराएवढी शेपटी होती, तीही नुसती लाखेत बसवलेली. मी पातं धरायला हात घातला तोवर गाईनं मान झटकली आणि ते गेलं. मी सिंहाच्या तोंडाकडे बघत कमरेइतक्या पाण्यात उभा होतो.

म्हातारा परत आला. त्याला यायचं कारण नव्हतं, पण आला, छातीभर पाण्यातून, अरिवाळ वर धरून. "घ्या!" म्हणून त्यानं तो माझ्यासमोर धरला.

मी हात मागे घेतला.

विचार करून हात मागे घेतला असता तर पुढं आयुष्यभर स्वतःशी काहीतरी वाद तरी घालता आला असता. विचार नव्हताच. समोरून हत्यार आलं की आमच्या घरचा हात मागे जातो. त्यानं मात्र सोडला होता. अरिवाळ आम्हा दोघांच्या मधोमध पाण्यात पडला. तिथं खाली ठेवायला जमीन नव्हती. आम्ही पायांनी चाचपलं. मग म्हाताऱ्यानं माझी शेंडी धरली आणि ओढायला लागला. "चला रायर. आता ती जाईल, नाहीतर तिच्याबरोबर तुम्ही." मी मागं वळून बघितलं तेव्हा शिंगं दिसत होती आणि दाव्याचा ताठ भाग. मग दावंच दिसत होतं.

घरी पोचलो तो दिवस नेमका नव्या पाण्याच्या पूजेचा. बायका कावेरीवरून परतत होत्या, गळ्यात पिवळे दोरे, हातात चित्रान्नाचे डबे. पाण्याची ओटी भरून आल्या होत्या. अक्का त्यांच्यात नव्हती, विधवेला तिथं काम नसतं. ती उंबऱ्यात बसून सुताची दावी वळत होती, वासरासाठी, मऊ. माझ्या हातात तिनं मूठ बघितली. मी सगळं सांगितलं, अरिवाळाचंसुद्धा. तिनं हातातला पीळ पुरा केला, टोकाला गाठ मारली आणि दावी खुंटीला अडकवली.

मला वाटलं, आता ती बोलेल. मी वाट बघितली. कित्येक दिवस बघितली. ती वाढायची, "भात घे" म्हणायची, दिवा लावायची. हात मागे घेऊन मी जे भांडण टाळलं होतं ते पुरतंच टळलं. झालं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

दीर गाडी घेऊन आले. या वेळी "गाय कुठं ठेवू" असं म्हणायची सोय नव्हती. अक्कानं घर झाडलं, चूल सारवली आणि गाडीत बसली. दावी तिनं बोचक्यात घातली होती.

आता मला सुरीतलं कळतं. बुडातून लोखंड बाहेर आलेलं दिसलं पाहिजे, पातं मुठीत अर्ध्यावर थांबलेलं नको. पाठ जाड हवी. मूठ साध्या लाकडाची, आणि हात भिजवून धरून बघावी. लाख दिसली की खाली ठेवावी. कोहळ्यावर कधीच पारखू नये, ओल्या काथ्यावर पारखावी. हे मी कचेरीत कारकून लागल्यापासून भेटेल त्याला सांगतो. कचेरीतल्या माणसाला बोरूला टोक करण्यापलीकडे सुरी लागत नाही, तरी ते ऐकून घेतात. खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत मांडायला माझ्याकडे ती मूठच आहे. सिंहाला हळदकुंकू वाहतो. एका डोळ्याची काच पडली आहे.

सवड मिळेल तसा तंजावरला जातो. अक्का दिरांच्या स्वयंपाकघरात असते. त्या घरात दही कपाटात ठेवतात आणि किल्ली जावेच्या कमरेला असते. मागच्या खेपेला मी चुलीपाशी पाटावर बसलो आणि बरेच दिवस मनात घोळत असलेलं बोलून टाकलं.

"अक्का, आता माझी नोकरी पक्की आहे. कुंभकोणातलं घर उघडू. तुला एक गाय घेऊन देतो. यंदाच्या बाजारात जाऊन स्वतः निवडून आणतो."

तिनं फोडणीवर झाकण ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"घे," ती म्हणाली. "पण निवडायला दुसरं कोणी पाठव. तू शिंगं बघून आणशील."