दिंद्रुडच्या देवघरातला दिवा

पुण्याहून निघाले तेव्हा मांडीवर चष्म्याच्या भिंगांची लाकडी पेटी होती, पिशवीत डोळ्यांत घालायचे थेंब होते आणि डोक्यात एवढंच होतं की मोतीबिंदूचे रुग्ण तपासून दोन दिवसांत परतायचं. मी डोळ्यांची डॉक्टर. सुट्टी काढून थंड हवेला जाणारी माणसं मला कधी कळलेली नाहीत. गाव बघायचं तर मला तिथे काहीतरी काम लागतं. बीड जिल्ह्यात दिंद्रुडचे किराणा व्यापारी महालिंगआप्पा यांनी दुकानामागच्या गोदामात नेत्रशिबिर ठेवलं होतं, आणि ओळखीतून त्यांचं बोलावणं आलं होतं.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. नगर सोडल्यावर गावोगावी एसटीडीचे पिवळे बूथ दिसत होते, पत्र्याच्या घरांवर टीव्हीच्या छत्र्या होत्या आणि शाळांच्या भिंतींवर थंड पेयांच्या जाहिराती रंगवल्या होत्या. त्याच भिंतींच्या सावलीत हापशावर घागरींची रांग होती. खुली बाजारपेठ बीडपर्यंत पोचली होती, पाणी मात्र अजून वाटेतच होतं.

वडवणीच्या पुढे एसटीचं टायर बसलं. आम्ही सगळे खाली उतरलो. लाल पटक्याचा एक म्हातारा पेटीकडे बघत होता.

"काय हाय बाई ह्यात?"

"डोळे तपासायचं सामान."

"मंग माझे बघा की. टायर निघंपस्तोर तुमाला तरी काय काम हाय?"

युक्तिवाद बिनतोड होता. म्हातारा मैलाच्या दगडावर बसला, मी पेटी उघडली आणि टायर बदलून होईपर्यंत माझ्यापुढे रांग लागली. सगळ्यात शेवटी कंडक्टर बसला आणि त्यालाच चष्म्याची सर्वांत जास्त गरज निघाली. "म्हणून सुट्टे पैसे चुकत्यात बे तुझे," म्हातारा म्हणाला. एका बाईने सगळ्यांना सीताफळं वाटली. बिया रस्त्याकडेला टाकत आम्ही पुन्हा बसमध्ये चढलो.

दिंद्रुडला आप्पा स्वतः थांब्यावर आले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरं धोतर, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग (लिंगायत माणूस जन्मभर अंगावर बाळगतो ते लहान शिवलिंग). घरी त्यांची सून संगीता हिने भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि येसर (भाजलेली धान्यं नि मसाले दळून केलेल्या पिठाची आमटी) वाढलं. मुलगा नागनाथ दुकानात होता. नात पार्वती, म्हणजे पारू, तीन वर्षांची. ती माझ्या पेटीभोवती घिरट्या घालत होती.

"पुण्यात भाकरी मिळती का डॉक्टरबाई?" आप्पांनी विचारलं.

"मिळते. पण हॉटेलात तिला मेनूकार्डावर जागा मिळाल्यापासून तिची चव गेली."

आप्पा मनापासून हसले. मला माणूस आवडला. म्हणूनच पुढचं जड गेलं.

दिवसभर गोदामात तुरीच्या पोत्यांमध्ये बसून मी डोळे तपासले. दिवेलागणीला वीज गेली. आप्पा देवघरात पूजेला बसले होते. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायचं आणि नजर हलू न देता त्याच्याकडे पाहायचं, ही त्यांची रोजची पूजा. पारूही शेजारी मान किंचित तिरकी करून आपल्या तळहाताकडे बघत बसली होती. समईच्या उजेडात तिने माझ्याकडे वळून पाहिलं आणि तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली मांजराच्या डोळ्यासारखी पांढुरकी चमकली.

मी पिशवीतले थेंब काढून ठेवले.

"बघितलं?" पूजा आटोपून आप्पा कौतुकाने म्हणाले. "देवाचा दिवा हिच्या डोळ्यात उतरतो. आन ध्यान तर बघा. इवलीशी पोर, पर नजर हालत न्हाई. सहा म्हैनं झालं, समद्या गल्लीला दावलंय मी."

थेंब घालून, बाहुली मोठी झाल्यावर मी डोळ्याच्या आत पाहिलं. जिथे केशरी पडदा दिसायला हवा तिथे चुन्याच्या खड्यासारखी पांढरी गाठ होती आणि तिच्यावरून बारीक रक्तवाहिन्या गेल्या होत्या. पुण्यात खात्री करून घ्यावी लागणार होती, पण मला शंका उरली नव्हती. डाव्या डोळ्यात जेवढं दिसलं तेवढं स्वच्छ होतं.

मी आप्पांना सरळ सांगितलं. हा डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग आहे, लहान मुलांनाच होतो. कुणाच्या खाण्यापिण्याने किंवा नजरेने होत नाही. गाठीवर पडलेला उजेड परत फिरतो, तीच ही चमक. गाठ आधी डोळ्यातच वाढते. मग डोळ्यामागची नस धरून मेंदूकडे जाते किंवा रक्तातून हाडांत उतरते. ती डोळ्याबाहेर पडली की आमच्या हातात फारसं काही राहत नाही.

"मंग औषध द्या," आप्पा म्हणाले.

"गाठ फार मोठी आहे. डोळा काढावा लागेल. आता काढला तर पारू वाचेल. उद्याच निघायला हवं."

आप्पांनी गळ्यातली डबी मुठीत धरली. मग म्हणाले, "पौर्णिमेला कपिलधारची जत्रा हाय. आदी तितं जाऊ. देवाच्या कानावर घालू, मंग बघू."

"देव काही रागावणार नाही आप्पा, पण गाठ तुमच्या पौर्णिमेसाठी थांबणार नाही."

"ज्या डोळ्यात देवाचा दिवा हाय, त्यो काडून टाकू म्हंता?"

मला संताप आला. आवाजही चढला असेल, कारण नागनाथ दुकानातून धावत आला. पण आप्पांकडे बघून तो दारातच थांबला. त्या घरात आप्पांचा शब्द शेवटचा होता.

सकाळी मी तयारी करून देवघराच्या दारात उभी राहिले. आप्पा नि पारू पूजेला बसले होते. रात्रभर विचार करून मला एकच गोष्ट सुचली होती.

"आप्पा, एक ऐका. पारूचा डावा डोळा तुमच्या हाताने झाका. मग ती कशी ध्यान लावते ते तुम्हीच बघा. मी कशाला हात लावत नाही."

त्यांना राग आला होता, पण पाहुणीचा शब्द मोडवेना. त्यांनी मोकळा हात नातीच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. समई तिच्यापासून हातभर अंतरावर जळत होती.

पारूने मान इकडे तिकडे फिरवली. हात पुढे करून चाचपडली.

"आप्पा," ती म्हणाली, "दिवा कावून इझिवला?"

आप्पांनी हात काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

मागून संगीताचा आवाज आला. "उजवीकडं वाटी ठिवली की तिला घावत न्हाई. लई दिसापासून बघतीय मी. तुमी एवढं कौतुक करीत व्हता, म्हून बोलले न्हाई."

"बोलायचं पोरी," आप्पा म्हणाले. "माझ्यावर वरडायचं."

तासाभरात आम्ही जीपमध्ये होतो. नागनाथ चालवत होता, पारू आईच्या मांडीवर होती. मांजरसुंब्यापाशी आप्पांनी खालच्या आवाजात विचारलं, "कपिलधार वाटंवरच हाय. अर्धा घंटा मिळंल का?" मी हो म्हटलं. अर्ध्या तासाने गाठ काही वाढत नव्हती आणि माणसाचा धीर वाढणार असेल तर डॉक्टरने आडमुठेपणा करू नये. डोंगराच्या कपारीतून पाणी पडत होतं, आजूबाजूचं रान मात्र पिवळं पडलेलं. पारूने त्या पाण्यात पाय बुडवून सगळ्यांना भिजवलं. आप्पांनी तिथल्या संतांच्या समाधीवर डोकं टेकलं आणि मोजून एकच वाक्य बोलले, "जे न्यायचं ते ने, पोरगी ठिव." मग पाटोद्याच्या रस्त्याने आम्ही नगर गाठलं.

पुण्यात भूल देऊन दोन्ही डोळे नीट तपासले. डावा खरंच स्वच्छ होता. उजवा काढला. त्याच्या मागची नस जितकी लांब कापता येईल तितकी कापली, कारण सगळा निकाल त्या नसेच्या टोकावर असतो. टोकाला रोग सापडला असता तर जबर औषधं आणि किरणांचे शेक द्यावे लागले असते. अहवाल यायला लागले तेवढे दिवस आप्पा रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून होते. टोक स्वच्छ निघालं. मी ते सांगितल्यावर त्यांनी मला वाकून नमस्कार केला. जखम भरल्यावर पारूला कृत्रिम डोळा बसवला. ठरलेल्या तपासण्यांना ते तिला न चुकता आणत राहिले.

पुढच्या वर्षी कार्तिकात पुन्हा शिबिराला गेले. दिवेलागणीला आप्पांच्या ओसरीवर लहान पोरांना घेऊन बायका बसल्या होत्या. आप्पा समईपुढे एकेका पोराला मांडीवर घेत होते, आधी बाहुल्या निरखून बघत होते, मग एकेक डोळा तळहाताने झाकत होते. पूजेआधी हे रोज चालतं, असं संगीता म्हणाली. पारू शेजारी बसून हुकूम सोडत होती, "आता दुसरा झाका."

तलवाड्याहून आलेल्या एका बाईच्या तान्ह्याशी आप्पांचा हात थांबला. त्यांनी मला हाक मारली. मी वाकून पाहिलं. बाहुलीत अगदी कडेला, मी एकटी तपासत असते तर कदाचित माझ्या नजरेतून निसटलं असतं असं, पांढरं काहीतरी लकाकलं. इतक्या लवकर सापडलं तर गाठ गोठवून, नवी औषधं देऊन डोळाही वाचू शकतो, आणि तो पुढे वाचलाही.

परतताना मला नेहमी वाटतं की मी गावाला काहीतरी देऊन निघाले. या वेळी तसं म्हणायची सोय नव्हती. मी पेटी बंद केली तेव्हा दारात पुण्याला निघायची जीप सुरू होती आणि आप्पा त्या बाईला पुढच्या सीटवर बसवत होते.

"जत्रा परवा आहे ना आप्पा?" मी विचारलं. "वाटेत थांबायचं का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले. "कपिलधारला येताना जाऊ."