पहिल्या नोंदीवरून पारख

आमच्या ऑफिसात त्याला सगळे 'अंतर्यामी' म्हणत, अर्थात पाठीमागे. समोरच्याने काही सांगायची गरजच नाही, आपण ओळखतो, असा त्याचा स्वतःबद्दल समज. पहिला घास खारट लागला की अख्खा स्वयंपाक बिघडला असं ठरवून तो ताट सरकवतो, हे त्याच्या बायकोनेच मला सांगितलं. मी नोकरीला लागले त्या दिवशी माझ्या हातात शब्दकोश होता. तेवढ्यावरून मी शुद्धलेखनवाली ठरले, ती आठ वर्षं तशीच.

आमची कंपनी एक प्रोग्रामिंग भाषा बनवते. अमुक आकडा आहे, तमुक मजकूर आहे, हे वापरणाऱ्याने सांगायचं नाही. ती भाषा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामने, म्हणजे इंटरप्रिटरने, आपलं आपण ओळखायचं. हे ओळखण्याचं काम अंतर्यामीकडे आलं. पठ्ठ्याने काय करावं? यादीतली पहिली नोंद बघायची आणि उरलेल्या सगळ्या त्याच प्रकारच्या धरायच्या. झाली विद्वत्ता.

माहितीपुस्तिका मी लिहिली. चाळीस पानं, एकेक उदाहरण स्वतः चालवून. एकदा पहिली जागा कोरी ठेवून पाहिली, तर इंटरप्रिटरने सगळी यादीच कोरी ठरवली. तसा इशारा पुस्तिकेत लिहून मी त्याला दाखवायला गेले.

"बाई, तुम्ही शुद्धलेखन बघा," तो म्हणाला. माझा इशारा खोडून त्याने लिहिलं, 'कोऱ्या जागा आपोआप सांभाळल्या जातात.'

त्याला विभागप्रमुख व्हायचं होतं. म्हणून ग्राहकांना प्रात्यक्षिक दाखवायच्या आदल्या आठवड्यात त्याने पुस्तिकेवरचं माझं नाव काढून आपलं घातलं, तेही पानोपानी, तळाशी. लाज कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नव्हतं.

प्रात्यक्षिकाला रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई आपली यादी घेऊन आल्या. पहिल्या रुग्णाचा अहवाल यायचा होता, म्हणून ती जागा कोरी होती. पडद्यावर सहाशे रुग्णांचे आकडे गायब झाले. बाईंनी पुस्तिका उघडून ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि शांतपणे विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

मालकांनी पानाच्या तळाशी बघितलं.

दुपारी अंतर्यामी माझ्या टेबलापाशी आला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा खुर्ची ओढून बसला.

"मालकांना सांगा ना, पुस्तिका तुमची आहे म्हणून. खरंच आहे ना ते?"

मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

"साहेब, मी शुद्धलेखन बघते," मी म्हटलं. "चाळीसही पानं बघितली. तुमच्या नावात कुठे चूक नाही."