संग्रहालयात दाखवलेली मुलगी

ताईला मुंबईच्या संग्रहालयात दाखवायचं, ही आईची योजना. तेव्हा आम्ही सिल्वासाला राहत होतो. पोर्तुगीज जाऊन काही वर्षं झाली होती आणि वडील रत्नागिरीहून तिथल्या कचेरीत आले होते. ताई बावीस वर्षांची, जाड भिंगांच्या चष्म्याची. आधीची दोन स्थळं चष्मा पाहूनच परत गेली होती. या वेळी आईने तो घरीच ठेवायला लावला.

घरी पाहायला आले की सुईत दोरा ओव, तांदूळ निवड, हे ठरलेलं. संग्रहालयात ना सुई, ना तांदूळ. शिवाय मुलाकडची मुंबईची माणसं आमच्या बाजूला यायलाही तयार नव्हती. तेव्हा प्राचीन संस्कृतींच्या दालनात भेटू, हिंडता हिंडता बोलणं होईल, असं वडिलांनी कळवलं. तिथे प्रत्येक वस्तूखाली चिठ्ठी असते, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

माझं काम नेमून दिलेलं होतं. ताईच्या डावीकडे राहायचं, पायरी आली की हात दाबायचा, कपाट आलं की थांबवायचं. गावाबाहेर सामरवरणीच्या रस्त्यावर आम्ही सराव केला होता. मोटारीने वापी, तिथून गाडी, सगळं वेळेवर झालं. पायऱ्याही नीट पार पडल्या.

"सिल्वासाला दिवे आहेत का हो, की अजून चिमण्याच?" मुलाच्या आईने विचारलं. आई हसली. मग बाई एका कपाटापाशी थांबल्या.

"काय लिहिलंय गं त्या चिठ्ठीवर? माझा चष्मा पिशवीत तळाशी गेलाय."

ताई वाकली. तिचं नाक काचेला टेकलं, काचेवर वाफ धरली.

"जुनं काहीतरी आहे."

"ते मलाही कळतंय. वाच ना."

ताई वाकलेलीच राहिली. मुलगा हसला. "आई, पलीकडे ममी आहे, तिला विचार. तिलाही एवढंच दिसत असेल."

आईने मला दंडाला धरून पुढे ओढलं. "ही वाचते. वाच गं."

मी वाचलं, तळाच्या बारीक ओळीसकट. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"ही केवढी?"

"अठरा पूर्ण," वडील म्हणाले. "हिचं अजून बघायला लागलो नाही."

"मग लागा की."

मंडळी माझ्या पत्रिकेबद्दल बोलत पुढच्या दालनाकडे निघाली. ताई अजून काचेपाशीच होती.

"काय होतं गं त्यात?" तिने विचारलं.

मी सांगणार, तेवढ्यात दारातून आईची हाक आली. "तिला बाकावर बसव आणि तू ये. त्याच्या शेजारी उभी राहा, त्यांना उंची बघायचीय."

मी ताईला बाकावर बसवलं आणि गेले.