येतो म्हणा

नाटक संपल्यावर आत जाऊन कलाकारांना भेटायची आईला भारी हौस. मला त्याचा कंटाळा. ज्या माणसानं आपल्याला अडीच तास रडवलं, तो बनियनवर बसून चहात बिस्किट बुडवताना मला बघायचा नसतो. शिवाय बोलायचं काय, हा प्रश्न असतोच. सगळे ‘प्रयोग छान झाला’ म्हणतात, सेल्फी काढतात, आणि मागचा माणूस आपल्याला पुढे ढकलायला लागतो. आई मात्र पदर सारखा करत रांगेत उभी राहायची आणि नंबर आला की न चुकता विचारायची, ‘जेवलात का?’ मी लाजेनं अर्धमेली व्हायचे.

त्या रविवारी दादरला दुपारचा प्रयोग होता, तिच्या सर्वांत आवडत्या नटाचा. आता त्यांची सत्तरी उलटलीय, गुडघे दुखतात, त्यामुळे प्रयोगही मोजकेच करतात. आईचेही गुडघे तेच म्हणतात, म्हणून लालबागहून टॅक्सी केली आणि तिसऱ्या घंटेच्या आत खुर्चीत बसलो.

नाटक एका म्हाताऱ्या जोडप्याचं होतं. पहिल्या अंकाच्या शेवटी दोघांचं जोरदार भांडण होतं. नवरा पायांत चपला सरकवतो, दारापर्यंत जातो आणि बायकोकडे न बघता म्हणतो, ‘जातो मी.’

आपल्याकडे घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. चुकून तोंडातून निघालंच तर घरातलं कोणीतरी लगेच टोकतं. लेखकानं तो शब्द मुद्दाम घातला होता, कारण रंगमंचावरची बायको त्याला टोकत नाही, पाठमोरी उभी राहते. सगळं नाट्यगृह चिडीचूप झालं होतं. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला.

‘अहो, येतो म्हणा.’

आईच बोलली होती. कुजबुजत नव्हे, चांगलं ओट्यापासून दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. मागे दोघं-तिघं फिसकन हसले. पुढच्या बाईंनी मान वळवून बघितलं. मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं. आई समोरच बघत होती. आपण मोठ्यानं बोललो हे तिच्या ध्यानात आलं होतं की नाही, कोण जाणे. उंबरठ्यावर नट थांबले. त्यांनी वळून काळोखात आमच्या बाजूला पाहिलं आणि हळू म्हणाले, ‘बरं. येतो.’ मग ते गेले आणि पडदा पडला.

मध्यंतरात आई जागची हलली नाही. वडा नको, चहा नको. असं काय झालं तुला, म्हणून मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं. तोंडातून गेलं, एवढंच म्हणाली. दुसऱ्या अंकात कळतं की तो नवरा परत आलेलाच नाही. शेजारी चौकशीला येतात तेव्हा बायको सांगते, ‘येतो म्हणाले होते.’ त्या वाक्याला माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

प्रयोग संपल्यावर वाटलं, आज तरी ही सरळ घरी येईल. पण तिला आत जायचंच होतं, माफी मागायला.

नट आरशासमोर बसून खोबरेल तेलानं रंग पुसत होते. अर्ध्या चेहऱ्यावरचा उतरला होता. मघाशी मीच बोलले, तुमचा प्रयोग बिघडवला, असं आई म्हणाली. त्यांनी शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलला आणि तिला बसवलं. बायकोचं काम करणाऱ्या बाईही तिथेच होत्या. त्या हसत म्हणाल्या की माझं खरं वाक्य ‘जातो म्हणाले आणि गेले’ असं आहे. तुम्ही ते काढूनच घेतलंत, मग तोंडाला आलं ते बोलले. आई हसली नाही.

नटांनी तिच्याकडे नीट पाहिलं. ‘जातो, असं कोण म्हणालं होतं?’ त्यांनी विचारलं.

मिल बंद पडल्यावर माझे वडील हिंदमाताच्या एका कापडदुकानात लागले होते. मी दहावीत असताना एका सकाळी ते दुकानातच कोसळले आणि गेले. एवढं मला ठाऊक होतं. आईनं पुढचं सांगितलं. त्या सकाळी पाणी भरण्यावरून दोघांची जुंपली. वडील दारातून ‘जातो’ म्हणून निघाले. तिचे हात मोरीत होते. ‘येतो म्हणा, हे अगदी तोंडावर आलं होतं माझ्या,’ ती म्हणाली. ‘रागात गिळून टाकलं.’

मी तेव्हा आत वेण्या घालत होते. मला काही ऐकू आलं नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं हे मला, पोटच्या मुलीला, सांगितलं नव्हतं, आणि तोंडाला तेल लावून बसलेल्या परक्या माणसाला सांगत होती. मला तिचा रागच आला. मग वाटलं, सांगणार तरी कोणाला? तिचं ऐकून दारात थांबलेले ते एकटेच होते.

त्यात तुमची काय चूक, वगैरे ते काही बोलले नाहीत. हातातला तेलाचा बोळा त्यांनी आरशापुढे ठेवला. मग त्यांनी विचारलं, ‘यापुढे येतोच म्हणू का?’

आईनं विचार केला. ‘नको. लिहिलंय तेच म्हणा. ऐकून कोणीतरी घरी टोकेल.’

निघताना तिनं चहा झाला का म्हणून विचारलंच. अजून नाही, म्हणाले. ‘घ्या मग. येते मी.’ ते गुडघ्यांवर हात देऊन उठले आणि ‘या’ म्हणाले.

त्यानंतर आमच्या चाळीत शेजारी नवीन भाडेकरू आले. त्यातली बाई एकदा बसायला आली, भिंतीवरचा वडिलांचा फोटो बघून तिनं विचारलं. मी ओट्याशी चहा गाळत होते. आईनं सगळं सांगितलं: पाणी, भांडण, दुकान. ‘रागात निघाले,’ ती म्हणाली. ‘पण दारात थांबले. मागे वळून बघितलं, आणि येतो म्हणाले.’

माझा हात थांबला. शेजारीण डोळे पुसत माझ्याकडे बघत होती. आईही बघत होती.

मी दोघींच्या हातात कप दिले. ‘हो,’ मी म्हटलं, ‘मी पण ऐकलं.’