कानबाईमागचं केळीचं झाड

मंगळवारी सकाळी पोस्टमनने वसतिगृहाच्या ओट्यावर कार्ड टाकलं, तेव्हाच सुनंदाच्या कपाळाला आठी पडली. अक्षर नानांचं, बोलणं मायचं. 'येत्या रविवारी कानबाई बसणार. शनिवारी निघून येणे. रोटाच्या दळणाला, पुरणाला हात कमी आहेत. कारण सांगू नये.'

कारण सांगू नये! कारण तर डोंगराएवढं होतं. सुनंदा जळगावला डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. सोमवारी साडेअकराला चौथीच्या वर्गावर तिचा शेवटचा पाठ, आणि मागच्या बाकावर बाहेरून आलेले तपासनीस. पाठ हुकला की वर्ष हुकलं. आणि वर्ष हुकलं की नाना पुन्हा काही जळगावला धाडायचे नाहीत, हे ती ओळखून होती. पण श्रावणात घरी बसणाऱ्या कानबाईदेवीला नाही तरी कसं म्हणायचं? सगळं सोडून लोक त्या दिवशी गाव गाठतात.

बुधवारी तोताराम सरांनी पाठाचं टाचण लाल शाईने आडवंतिडवं कापलं. "सुनंदाबाई, हे टाचण आहे की लग्नाची यादी? पुन्हा लिहा." गुरुवारी तिने पुन्हा लिहिलं. सरांनी त्यातही दोन ओळी कापल्या, आणि त्या नेमक्या बुधवारी त्यांनीच सांगितलेल्या होत्या. शुक्रवारी जाड कागदावर पाठाचं चित्र काढायला बसली. केळीचं झाड. मूळ, खोड, पान, केळफूल, घड; प्रत्येकाला बाण आणि ठळक अक्षरात नाव. हिरवा रंग मधेच संपला, म्हणून शेवटचं पान पोपटी झालं. तरी झाड असं उतरलं, की आठवडाभरात पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

शनिवारी ते चित्र गुंडाळून, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून, पाचोऱ्याच्या गाडीत तिने लेकरासारखं छातीशी धरलं. घरी पोचल्यावर उतरंडीमागे उभं करून ठेवलं आणि मायला दोनदा बजावलं, "याला कोणी हात लावू नका."

रविवारी पहाटेच गिरणी धुऊन घेतलेली. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू दर पुरुषामागे सव्वा मूठ मोजायचे, ही घरची रीत. माय मोजू लागली. आबांची, नानांची, काकांची, दोघा भावांची.

"आणि माझी?" सुनंदाने विचारलं.

"पोरींची मूठ नसते व माय. तू उद्या दुसऱ्या कुळात जाशी."

"मग दळायला तेवढी या कुळात बोलावली का?"

"तुना जिभले हाड नही का व? सणाचा दिस शे." मायने सुपाला टिचकी मारली आणि पुढे मोजत राहिली.

दिवसभर दळण, पुरण, चूल. धुराने डोळे चोळत ती मनातल्या मनात पाठ म्हणत होती, 'मुलांनो, हे काय आहे?' तेवढ्यात कोणी तरी म्हणायचं, "सुनंदे, कणीक मळ."

तिन्हीसांजेला पिठाचे हात पुसत ती देवीपाशी आली. चौरंगावर कानबाई बसली होती. नारळाचं ते साजरं मुख, नथ, नवं लुगडं. दोन्ही बाजूंना केळीचे खांब. आणि मागे भिंतीला खळीने पक्कं चिकटवलेलं तिचं चित्र! देवीच्या डोक्यावर घड, खांद्याशी बाण आणि त्यावर लिहिलेलं 'खोड'.

"पाह्य ना, कसं शोभी राह्यनं!" पुष्पाकाकूंचं तोंड फुललं होतं. "एकच खांब बारीक निंघना. म्हटलं, पोरीनी देवीसाठीच काढेल व्हई. बठ्ठा गाव नावाजी राह्यना."

"काकू, तो माझा उद्याचा पाठ आहे!"

काकूंचा हात तोंडावर गेला. पण सुनंदा पुढे झाली तशी मायने दंड धरला. "आते नही. कानबाई बठेल शे. उठपर्यंत तिथलं पानबी हलवानं नही."

"माझं वर्ष जाईल, माय."

"कानबाईमाय नही जाऊ देवाव."

सुनंदाने देवीकडे पाहिलं. हात जोडले, पण ओठांवर आलेला शब्द प्रार्थनेचा नव्हता.

सोमवारी जळगावची गाडी आठची. आरती झाली, ओट्या भरल्या, फुगड्या सुरू झाल्या. काका एकेक फुगडी संपली की आणखी एक घालायला लावत होते. पावणेआठाला कानबाई विसर्जनाला डोक्यावर निघाली, आणि सुनंदाने चित्र भिंतीवरून सोडवलं. एक कोपरा भिंतीलाच राहिला. न जेवता, चपला हातात घेऊन ती स्टँडकडे धावली. तर रस्ता मिरवणुकीने गच्च! गाडी मधोमध उभी, आणि कंडक्टर छगनभाऊ खाली उतरून पदरात नारळ घेतल्यासारखे टोपीत प्रसाद घेत होते.

"भाऊ, चला ना!"

"कानबाईमाय पुढे शे, तिले काय हॉर्न वाजाडू?"

गाडी चुकली नाही ती कानबाईमुळे, आणि हलत नाही तीही तिच्यामुळेच. साडेआठाला रस्ता मोकळा झाला.

साडेअकराला पाच मिनिटं असताना सुनंदा वर्गात शिरली. चित्र उलगडलं. घडावर कुंकवाचा टिळा, खोडावर हळदीची चार बोटं. पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, केळीचं लगीन झालं का?"

वर्ग हसला. मागे तपासनीसही. सुनंदाच्या डोळ्यांत पाणी आलं; ते तिने फळ्याकडे वळून गिळलं. मग म्हणाली, "हो, झालं. आता नवरीच्या एकेका अवयवाचं नाव सांगा पाहू. हे काय?"

"मूळ!" पोरं ओरडली, आणि पाठ चालू लागला.

तपासनिसांनी वहीत लिहिलं, 'अध्यापन चांगले. साधन अस्वच्छ.' पास केलं, दोन गुण कापले.

त्या दोन गुणांचा राग तिला पासच्या आनंदापेक्षा मोठा वाटला. पोस्टात उभ्याउभ्या तिने कार्ड लिहिलं. 'पाठ झाला. काकूंना रागावू नका. माय, पुढच्या वर्षी दळायला मी येईन, पण माझ्या नावाची सव्वा मूठ आधी मोजायची. कारण सांगू नये.'

पुन्हा वाचलं तर फाडावंसं वाटेल, म्हणून तिने ते तसंच पेटीत टाकलं.