लुईसकाकांचा खल

कांदिवली स्टेशनच्या पश्चिमेला डॉक्टर नंदकुमार शिरगावकरांचा दवाखाना होता. दवाखाना म्हणजे एक खोली आणि मधोमध हिरवा पडदा. पडद्याच्या अलीकडे दोन बाकं, पलीकडे डॉक्टर, आणि कोपऱ्यात लाकडी फळ्यांच्या आडोशाला औषधं बनवणारे कंपाउंडर, आमचे लुईसकाका. पडदा कापडाचाच, त्यामुळे आतलं सगळं बाहेर स्वच्छ ऐकू यायचं. बाहेरची माणसं नुसती ऐकून थांबतील तर शपथ. डॉक्टरांनी आत विचारलं, "पोट साफ होतं का?" की बाकावरून शेजारीण ओरडायची, "कसलं साफ! काल चारदा धावला तो!"

लुईसकाकांना याचा भयंकर संताप यायचा. ते आमच्या चारकोप गावातलेच, माझ्या घरापासून चौथं घर. लढाईच्या काळात ते लष्करी इस्पितळात मलमपट्टी करत होते. तिथून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या. खाकी हाफ पँटला कडक इस्त्री करायची सवय आणि एक भलामोठा लोखंडी खल. "रोग सांगायची लाज वाटली म्हणून मेलेले सोल्जर मी बघितलेत," असं ते म्हणायचे, आणि पुढचं काही सांगायचे नाहीत.

तर या खलाचा त्यांनी एक उपयोग शोधून काढला. आत एखाद्याचा आवाज खाली गेला, बाई अडखळायला लागली, की काका बत्ता उचलायचे आणि ठण ठण कुटायला लागायचे. बाकावरच्यांना शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. डॉक्टरांनी त्यांना हे कधी सांगितलं नव्हतं, आणि कधी थांबवलंही नाही.

पण आमची माणसं काय कमी आहेत? महिन्याभरात त्यांनी हिशोब जुळवला. खल वाजला म्हणजे आत भानगड आहे! मिलमध्ये काम करणाऱ्या दशरथच्या वेळी खल पाच मिनिटं वाजला, तर रात्रीच्या आत बातमी त्याच्या बायकोपर्यंत पोचली. जानकी दुसऱ्या दिवशी त्याला दंडाला धरून दवाखान्यात घेऊन आली. दशरथ रडकुंडीला आलेला. "अगो, गणपतीक गावाक जावक आजारपणाचा सर्टिफिकेट मागूक गेल्लंय मी! डॉक्टरान दिल्यान पण नाय!"

काकांची पंचाईत झाली. ज्याचं झाकायचं त्याचाच डंका पिटला जात होता. मग त्यांनी सरसकट कुटायला सुरुवात केली. खोकला आला, कुटा. गळू झालं, कुटा. रुक्मिणीआजीच्या वेळी तर त्यांनी असा खल वाजवला की ती पडद्याबाहेर आली तेव्हा सगळं बाक तिच्याकडे टकामका बघत होतं. आजी भडकली. "मेल्यांनो, माझो पाय मुरगाळलो हा! पाय!" त्यानंतर खलाचा अर्थ कोणी लावेनासं झालं. खलात काय कुटतात यावर मात्र पैजा लागायच्या. कोणी म्हणे झाडाची साल, कोणी म्हणे लष्करातली गुप्त पावडर.

मला ते कळलं अडुसष्ट सालच्या सप्टेंबरात. मी तेव्हा बावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत मास्तरीण. मरोळच्या फ्रेडीचं स्थळ आलं होतं. दोनदा भेटलो होतो आणि मला तो इतका आवडला होता की मी घरात उगीचच गाणी म्हणत फिरायची. तेवढ्यात खोकला सुरू झाला आणि थांबेना. डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. फुप्फुसावर डाग निघाला. टीबी.

काका कुटत होते आणि मी रडत होते. डॉक्टर म्हणाले, "सेराफिना, थुंकीत जंतू नाहीत, शाळेत जायला हरकत नाही. नव्वद इंजेक्शनं, रोज एक, आणि गोळ्या त्याच्यापुढेही बरेच महिने. बरी होशील. मी कुणाला एक अक्षर सांगणार नाही. पण चर्चमध्ये लग्नासाठी तुमची नावं वाचली जाण्याआधी तू त्या मुलाला सांगायचंस. तूच."

"नाही म्हणाला तर?"

"तर नाही म्हणेल."

असला कोरडा माणूस! आमच्याकडे टीबी झालेल्या मुलीची कप-बशीसुद्धा वेगळी ठेवत, लग्न तर लांबच.

रोज दवाखान्यात जायला निमित्त हवं होतं. ते काकांनी काढलं. माझं अक्षर चांगलं, म्हणून बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लिहायला त्यांनी मला कामाला लावलं. 'बाटली हलवून घ्या', 'जेवणानंतर', 'बाहेरून लावण्यासाठी'. रोज संध्याकाळी आडोशामागे बसून मी चिठ्ठ्या लिहायची आणि गर्दी पांगली की इंजेक्शन घ्यायची. बसायला त्रास व्हायचा तर काकांनी स्टुलावर घडी केलेलं ब्लँकेट टाकलं. तिथेच पहिल्या दिवशी मी खलात डोकावले. आत खडेमीठ होतं, खाडीकडच्या मिठागरातलं.

"काका, मीठ?"

"आवाज चांगला येतो," ते म्हणाले. "आणि कितीही कुटलं तरी औषध वाया जात नाही. बाहेर बोलू नको."

नोव्हेंबरात एक दिवस बाहेर ओळखीचा आवाज आला. फ्रेडीची व्हायोलेटमावशी. हे स्थळ तिनेच आणलं होतं. आमच्यात मुलाकडची माणसं पाद्रीबाबाकडे चौकशी करतात तशी कंपाउंडरकडेही करून जातात, मुलीला फिट वगैरे येत नाही ना म्हणून. मी हातातला बोरू तसाच धरून बसले.

"लुईस, चारकोपची सेराफिना. प्रकृतीने कशी हाय?"

"ते मी सांगत नाय."

"अरे, चांगली असली तर चांगली म्हण!"

"चांगली असली तरी सांगत नाय, वाईट असली तरी सांगत नाय. उद्या तुमच्या मुलाचं कोणी विचारायला आलं, तरी हेच ऐकून जाईल."

"नाय सांगत म्हणजे काहीतरी हाय," मावशी म्हणाली. काकांनी बत्ता उचलला. ती पायऱ्या उतरेपर्यंत ते कुटत राहिले.

मी आडोशामागून अशी काही उसळले! "ठणठणीत आहे म्हणायला काय झालं होतं? माझी वाट लावलीत तुम्ही!"

काकांनी चष्मा पुसला. "आज तुझ्यासाठी चांगलं बोललो, की उद्या दुसऱ्या कुणासाठी गप्प बसलो तर लोक काय समजतील? मला सगळ्यांसाठीच गप्प बसलं पाहिजे, पोरी." मला ते पटलं नाही. मी चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि रागाच्या भरात चाळीस बाटल्यांवर 'बाहेरून लावण्यासाठी' लिहून ठेवलं. काकांनी त्या सगळ्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या.

मावशीने मरोळला जाऊन काय सांगितलं असेल ते कळायला मार्ग नव्हता. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी फ्रेडी आमच्याकडे जेवायला आला. पुढच्या रविवारी नावं वाचायची होती. जेवण झाल्यावर आम्ही खाडीच्या बांधावर गेलो आणि मी पाण्याकडे बघत एका दमात सगळं सांगून टाकलं. डाग, इंजेक्शनं, आज चौऱ्याऐंशी झाली, सगळं.

फ्रेडीने विचारलं, "कुठे घेतेस?"

"शिरगावकरांकडे."

"लुईसकाका अजून खडेमीठच कुटतात?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. मिठाचं बाकावरच्या कुणालाच माहीत नव्हतं. ते फक्त आडोशामागे बसलेल्याला माहीत.

"सहासष्ट साली," फ्रेडी म्हणाला. "मरोळला कोणी बघू नये म्हणून एवढ्या लांब यायचो. नव्वदच्या नव्वद. मी पण तुला आजच सांगणार होतो गं, जेवताना हिंमत झाली नाय. तू आधी बोललीस."

मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला. मग दोघंही बांधावर बसून खुळ्यासारखे हसत सुटलो.

राग आला तो दुसऱ्या दिवशी. मी तरातरा दवाखान्यात गेले. "तुम्हाला दोघांचंही माहीत होतं! डॉक्टरांनाही! एक शब्द बोलला असतात तर मी तीन महिने सुखाने झोपले असते!"

काका म्हणाले, "त्याचं तुला सांगितलं असतं, तर तुझंही त्याला सांगितलं असतं. चाललं असतं?"

बाहेर बाक एकदम शांत झालं होतं, सगळ्यांचे कान आमच्याकडे. काकांनी बत्ता माझ्या हातात दिला. "कूट आता." मी डोळे पुसत कुटायला लागले.

जानेवारीत लग्न झालं. काका इस्त्रीच्या लांब पँटमध्ये आले होते, आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक. व्हायोलेटमावशीने त्यांना हाताला धरून आमच्यासमोर उभं केलं. "फ्रेडी, हा मुलीकडचा लुईस. दवाखान्यात असतो. तोंडातून एक शब्द काढेल तर शपथ. तू नाय ओळखत ह्याला."

ज्या माणसाला त्यांनी रोज एक याप्रमाणे नव्वद वेळा सुई टोचली होती, त्याच्यापुढे काकांनी हात केला.

"लुईस," ते म्हणाले. "आपलं नाव काय म्हणालात?"

"फ्रेडी," माझा नवरा गंभीरपणे म्हणाला.

"कुठे राहता?"

फ्रेडीने पत्ता सांगितला, नोकरी सांगितली, भाऊ किती ते सांगितलं, आणि काकांनी मान हलवत सगळं पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.